हिरव्या दिव्याची साक्ष

१

टेलिफोन कचेरीतून निवृत्त झालेल्या ऑपरेटरबाई स्वयंपाकघरात पडलेल्या सापडल्या तेव्हा दुपारचं ऊन ओट्याखाली सरकलं होतं आणि वर दिवा मात्र आदल्या संध्याकाळचाच जळत होता. कुकरचं झाकण उघडं, तांदूळ धुऊन ठेवलेले, गॅस पेटवलेला नाही. दाराच्या कडीला दुधाची पिशवी सकाळपासून लटकत होती. समोरच्या दारातल्या शिवणमावशींकडे जादा किल्ली असायची, त्यांनीच दार उघडलं आणि त्यांनीच आरडाओरडा करून जिना गोळा केला.

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पक्षाघात. उजवी बाजू गेली, वाचा गेली. "काल संध्याकाळीच झालं असणार. पहिल्या काही तासांत आणलं असतं तर..." आणि ते थांबले. डॉक्टर लोक वाक्य अर्धं सोडतात, आणि उरलेलं अर्धं नातेवाइकांनी जन्मभर पुरं करत बसायचं असतं.

इथवर दुर्दैव. पण आरोग्य कचेरीतल्या संगणकावर भलतंच दिसत होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी कचेरीनं 'सोबती' नावाची योजना आणली होती. घरोघर एकेक पांढरी डबी. डबीतलं बोलकं यंत्र रोज सकाळी विचारायचं, "कशा आहात? झोप लागली का? काय खाल्लंत?" उत्तरावरून आणि आवाजावरून तब्येतीचा अंदाज घ्यायचं, आणि हिरवा किंवा लाल दिवा लावायचं. त्या सकाळी ऑपरेटरबाईंच्या नावासमोर हिरवा दिवा होता. बाई डबीशी बोलल्या होत्या. "मी ठीक आहे," असं म्हणाल्या होत्या.

संध्याकाळपासून जमिनीवर पडलेली, वाचा गेलेली बाई सकाळी ठीक आहे असं सांगते कशी?

कचेरीनं त्याचं उत्तर दोन दिवसांत शोधून काढलं. त्या भागाची फिरती सिस्टर कामचुकार आहे. लाल दिवा लागला की जिने चढावे लागतात, म्हणून डबी आपल्याकडे ठेवून तीच बोलत असणार. सिस्टरला घरी बसवलं. आरोप सिद्ध झाला तर नोकरी तर जाणारच, नोंदणीही रद्द होणार, म्हणजे पुन्हा कुठल्याही दवाखान्याच्या दारात कुणी उभं करणार नाही. चौकशीचं काम आलं कचेरीतल्याच तपासणीबाईंकडे. साहेब म्हणाले, "औपचारिकताच आहे, लवकर आटपा."

तपासणीबाईंनी 'लवकर आटपा' हे शब्द ऐकले की त्यांचे गुडघे दुखायला लागायचे. त्यांचा अनुभव असा, की हे शब्द म्हणणाऱ्याला उत्तर आधीच आवडलेलं असतं.

२

यंत्र बनवणाऱ्यांचा इंजिनिअर माणूस सालस होता. डोळ्यांखाली काळं, टेबलावर गार झालेला चहा. तो म्हणाला, "मॅडम, दुसरं कुणी बोललेलं नाही. आवाज जुळला म्हणूनच हिरवा लागला."

"कशाशी जुळला?"

"त्यांच्याच आवाजाशी. डबी घरी पोचली की लाभार्थी पहिल्या दिवशी दोन-चार मिनिटं बोलतात, यंत्र आवाज ओळखून ठेवतं. पुढे रोज त्याच्याशी ताडून बघतं. यांचा आवाज पहिल्या दिवसापासून त्या सकाळपर्यंत एकच आहे."

"मला ऐकवा."

"ध्वनिमुद्रण आम्ही ठेवत नाही, उत्तरांची लेखी नोंद तेवढी राहते. लोकांच्या घरातले आवाज साठवायचे नाहीत, असा नियम आहे आणि तो बरोबर आहे."

नियम बरोबर होता, हे तपासणीबाईंनाही कबूल होतं. "मग सिस्टरचा आवाज त्या ओळखीशी ताडून बघा. दूध का दूध, पानी का पानी."

"त्याला वरून परवानगी लागते. पत्र पाठवलंय."

"सिस्टरला घरी बसवायला परवानगी लागली नाही वाटतं?"

इंजिनिअरनं गार चहाचा कप बाजूला सारला. मग स्वतःच्याच समाधानासाठी म्हणाला, "यंत्र वाईट नाही हो. नुसती जीभ जड झाली, शब्द घसरले, तरी ओळखतं. पक्षाघाताची आधीची चाहूल लागलेली दोन माणसं याच यंत्रानं वेळेवर दवाखान्यात पोचवलीत. आणि ऑपरेटरबाई म्हणजे आमच्या सगळ्यात बोलक्या. बाकीचे 'हो, नाही' म्हणून मोकळे होतात. या झोपेबद्दल विचारलं तर खालच्या दुकानदाराच्या सुनेपर्यंत पोचायच्या. शब्द कसे लख्ख. आम्ही त्यांचं उदाहरण बैठकीत देतो."

निघताना तपासणीबाईंनी नमुन्याची डबी हातात घेऊन उलटी केली. मुठीत मावेल एवढी. सिमकार्ड आतच, त्यामुळे कुठंही चालणारी. फक्त दर दोन-तीन दिवसांनी चार्जिंगला लावावी लागणारी. खाली एक चिकटपट्टी होती. 'लाल दिवा लागल्यास योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.'

"योग्य ती म्हणजे कोणती?" त्यांनी विचारलं.

"ते कचेरी ठरवते," इंजिनिअर म्हणाला. "मजकूर त्यांनीच दिलाय."

३

सिस्टर घरात बसून वाटाणे सोलत होती. आयुष्यात कधी भरदिवसा घरी बसली नसावी, कारण बसायचं कसं हेच तिला जमत नव्हतं. पाट सारखा इकडून तिकडे सरकवत होती.

"मी चोर नाही, ताई," ती म्हणाली. "पण मी गेले नाही हेही खरंच आहे. ते मी नाकारणार नाही."

"का गेला नाहीत?"

"जाऊ दिलं नाही म्हणून. आधी आठवड्यातून एकदा घरी जायचे, दाब बघायचे, पाय सुजलेत का बघायचे. डब्या आल्या आणि फर्मान निघालं, हिरवा असेल तिथे जायचं नाही, वेळ वाया जातो. एका सिस्टरला दुप्पट घरं दिली. मी साहेबांना म्हटलं, डबी राहू दे, पण महिन्यातून एकदा तरी मला डोळ्यांनी बघू दे. साहेब म्हणाले, यंत्रावर विश्वास ठेवायला शिका."

"शेवटचं गेलात तेव्हा बाई कशा होत्या?"

"अबोल. आधी काय बोलायच्या! सगळी हयात टेलिफोनच्या कचेरीत, 'जोडून देते' म्हणाल्या की साहेब लोक खुर्चीत सरळ बसायचे म्हणे, असा आवाज. पण त्या दिवशी गप्प. चहा दिला, मानेनंच 'बस' म्हणाल्या. मी विचारायचे त्यांना आणि उत्तर यायचं शिवणमावशींकडून. मला वाटलं, वय आहे, माणूस मिटत जातं. मनात आलं होतं, पुढच्या खेपेला नीट बघू." तिनं एक शेंग सोलली आणि दाणे टरफलांत टाकले. "पुढची खेप आलीच नाही. डब्या आल्या."

"लाल दिवा लागला असता तर काय केलं असतं कचेरीनं?"

सिस्टरला प्रश्नच कळला नाही. "काय करणार? मला पाठवलं असतं. मी गेले असते, दाब बघितला असता, डॉक्टरांची वेळ घेतली असती. लाल म्हणजे सिस्टर येणार. एवढंच."

सगळ्यात बोलक्या बाई, आणि मानेनं बोलणाऱ्या बाई. तपासणीबाई जिना उतरल्या तेव्हा दोन्ही साक्षी त्यांच्या डोक्यात एकमेकींशी भांडत होत्या, आणि दोघीही खोटं बोलत नव्हत्या.

४

मुलगा परगावाहून येऊन आईच्या घरात उतरला होता. दार उघडल्या उघडल्या म्हणाला, "मी निष्काळजी नाही." कुणी तसं म्हटलंही नव्हतं.

त्यानं मोबाईल पुढे केला. रोज सकाळी एक संदेश, 'आपल्या मातोश्री ठीक आहेत', आणि शेजारी हिरवा ठिपका. वर सरकवत जावं तर ठिपक्यांची माळ संपेचना. "हे बघूनच मी कामाला लागायचो. त्या सकाळीही आला. आई जमिनीवर होती आणि मला ठिपका आला."

"तुम्ही स्वतः फोन करत होता का?"

"करायचो. आधी करायचो. अलीकडे ती नुसतं हं, हं करायची आणि ठेवून द्यायची. मला वाटलं राग धरलाय. मी एका चांगल्या वृद्धाश्रमाची माहिती पाठवली होती, नुसती माहिती हो, सहज. तेव्हापासून अबोला. म्हटलं, डबीशी बोलतेय ना, पुरे."

तपासणीबाई घरभर फिरल्या. बाईंचं घर टापटिपीचं. डबे उंचीनं लावलेले, पायपुसणी कोपऱ्याला कोपरा. बैठकीच्या फळीवर पांढरी डबी होती, चार्जिंग संपून विझलेली.

"ही कुठे सापडली?"

"इथेच. मी आलो तेव्हापासून इथेच आहे."

फळीखालच्या खणात डबीचं खोकं होतं. खोक्यात चार्जर. पिशवी न फोडलेली, वायरीला कारखान्यातला पीळ तसाच. तपासणीबाईंनी बाईंच्या मोबाईलचा चार्जर डबीला लावून पाहिला. जुन्या धाटणीचा, बसेना. घरात तिसरी वायर नव्हती.

त्या खुर्चीत टेकल्या. मुलाला वाटलं, बाई दमल्या.

"डबी इतके महिने रोज बोलत होती," त्या म्हणाल्या. "मग जेवत कुठे होती?"

मुलगा ताडकन पुढे आला. "म्हणजे सिस्टरच! तिच्या घरी होती डबी. साहेब बरोबरच सांगत होते."

पुरावा सिस्टरच्या गळ्याशी आला होता, यात शंका नाही. दुसऱ्या कुणी हे काम घेतलं असतं तर तिथंच कागद पुरा करून घरी गेलं असतं.

"सिस्टर त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कचेरीत बैठकीला होती," तपासणीबाई म्हणाल्या. "साहेबांच्याच समोर. डबी तिच्याकडे असती तर ती या फळीवर आणून कुणी ठेवली? त्या दुपारी या घरात कोण कोण आलं?"

"स्ट्रेचरवाली पोरं. आणि..." मुलगा दाराकडे बघू लागला. दार उघडंच होतं, आणि समोरचं दारही.

५

शिवणमावशींनी चहा टाकला. पूर्वी खाली त्यांचं शिवणाचं दुकान होतं. आता मशीन घरात, खिडकीशी. मावशी बोलत होत्या आणि बोलतच होत्या: दूधवाल्याबद्दल, पायऱ्यांच्या उंचीबद्दल, खालच्या दुकानदाराच्या सुनेबद्दल. शब्द कसे लख्ख.

तपासणीबाईंनी चहा संपू दिला. अशा वेळी त्यांना स्वतःच्या कामाचा वीट यायचा. चोर पकडताना बरं वाटतं म्हणतात. त्यांच्या नशिबी चोर फार कमी आले होते.

"मावशी, मी एक गोष्ट सांगते. चुकलं तर सांगा. एका बाईचा आवाज म्हणजे तिचा दागिना. एक दिवस जीभ जड होते, तोंड जरासं वाकडं होतं, थोडं सावरतं, पण शब्द घसरायला लागतात. ती कुणाला सांगत नाही. मुलाशी फोनवर हं-हं करते. सिस्टर आली तर मैत्रीण तिच्या वतीनं बोलते. तेवढ्यात डबी येते, आणि डबीशी तर बोलावंच लागतं. पहिल्या दिवशी कुणी माणूस समोर नाही, घरबसल्या बोला म्हणे. मग बोललं कोण? यंत्राला खोटं कुणी सांगितलंच नाही. त्यानं आवाज ओळखला तो पहिल्या दिवसापासून मैत्रिणीचाच. म्हणून डबी इथे राहिली, इथल्या वायरीवर. आणि त्या दुपारी स्ट्रेचरच्या गडबडीत फळीवर परत गेली."

मशीनशेजारच्या बोर्डातून एक पांढरी वायर लोंबत होती. टोकाला काहीच लावलेलं नव्हतं. मावशींनी तिकडे बघितलं नाही, आणि तेवढ्यानंच सगळं कळलं.

"मी तिला म्हटलं होतं, डॉक्टरकडे चल," मावशी म्हणाल्या. आवाज आता लख्ख नव्हता. "शंभरदा म्हटलं. ती म्हणायची, यंत्रानं लाल दाखवलं की योग्य ती कार्यवाही. सगळी नोकरी सरकारी कचेरीत काढलीय, योग्य ती कार्यवाही म्हणजे काय हे मला शिकवू नकोस. एक दिवस गाडी येईल, पोराच्या सहीनं आश्रमात टाकतील, बोलता येत नाही म्हटल्यावर मला विचारणारसुद्धा नाहीत. तू बोल माझ्या वतीनं, असा तिचा हट्ट. मी बोलत गेले. आधी तर गंमत वाटायची. ती इथे बसायची, यंत्र विचारायचं, मी उत्तर द्यायचे, ती तोंडावर पदर धरून हसायची. सकाळची तेवढीच करमणूक होती आमची."

"आणि त्या संध्याकाळी?"

"भांडलो. मी म्हटलं, तुझा हात कापतोय, ताट पडलं आज तुझ्या हातून. उद्या मी खरं सांगणार. ती म्हणाली, सांग, मग माझ्या दारात येऊ नकोस. मी म्हटलं, नाही येत जा." मावशींनी पदरानं नाक पुसलं. "रोज सकाळी चहा घेऊन जायचे. त्या दिवशी गेले नाही. म्हटलं, बसू दे फुगून. आणि डबी वाजली. खरं सांगायचं ठरवून बसले होते हो. यंत्रानं विचारलं, कशा आहात? इतकं प्रेमानं विचारतं ना ते. मला वाटलं, मी चहाडी करतेय. रागात असले तरी चहाडी कशी करू? म्हटलं, मी ठीक आहे."

त्या थांबल्या. समोरच्या दारात मुलगा येऊन उभा होता. केव्हापासून, ते दोघींनाही कळलं नव्हतं.

"लाल लागला असता तर खरंच नेलं असतं का हो तिला?" मावशींनी विचारलं.

उत्तर तपासणीबाईंच्या जिभेवर होतं. ते गिळून टाकावं असं त्यांना फार वाटलं. पण हे उत्तर अहवालात यायचंच होतं, आणि या घरात खोट्या शब्दांनी आधीच पुरेसं नुकसान केलं होतं.

"नाही, मावशी. लाल म्हणजे फक्त सिस्टर आली असती. दाब बघायला. हे तुम्हाला कुणी सांगायला हवं होतं. कुणीच सांगितलं नाही."

मावशींच्या तोंडून नुसता 'अगं बाई' एवढा उद्गार आला, तोही निम्मा. मुलगा वळला आणि जिना उतरून गेला.

६

तपासणीबाईंनी अहवाल लिहिला. सिस्टर निर्दोष. यंत्रानं फसवलं नाही, पण यंत्र कुणाचा आवाज ऐकतंय हे बघायला एकदाही माणूस गेलं नाही. ज्या यंत्रानं बाईंची जड जीभ पहिल्याच दिवशी ओळखली असती, त्याच्यासमोर भीतीपोटी त्या बसल्याच नाहीत, आणि ती भीती आपल्या एका चिकटपट्टीनं घातली. हिरवा दिवा म्हणजे भेटीची गरज नाही, हा नियम यंत्रानं नाही, आपण केला. साहेबांनी वाचून विचारलं, हे सगळं लिहायलाच हवं का? त्या म्हणाल्या, हवं. सिस्टरला कामावर घेतलं. बाकीच्या मुद्द्यांवर समिती नेमली.

सिस्टरनं पहिल्याच दिवशी, कुणाची परवानगी न घेता, रुग्णालय गाठलं. तपासणीबाई तिथेच होत्या, शिवणमावशींना घेऊन आलेल्या. मावशी खोलीबाहेर भिंतीशी उभ्या होत्या. मुलानं सांगितलं होतं, आत यायचं नाही.

"आईची ही दशा तुम्ही केलीत असं मी म्हणत नाही," तो दारात उभा राहून म्हणाला. "पण तुमच्या त्या एका शब्दानं..."

"हो," मावशी म्हणाल्या. "माझ्याच."

"मला तो शब्द रोज मिळत होता," मुलगा म्हणाला. "मी तेवढ्यावर भागवलं, मावशी. एकदा येऊन बघितलं असतं तर मला तोंडावरूनच कळलं असतं." तो दारातून बाजूला झाला. या म्हणाला नाही, पण बाजूला झाला.

ऑपरेटरबाई उशांना टेकवून बसवलेल्या होत्या. अर्धा चेहरा त्यांचा, अर्धा कुणा अनोळखी बाईचा. मावशींना बघून चांगल्या बाजूचा डोळा भरून आला की रागानं लाल झाला, सांगणं कठीण होतं. मावशी पायाशी उभ्या राहिल्या.

"शिव्या दे ना," त्या म्हणाल्या. "मनातल्या मनात तरी दे."

बाईंनी डावा हात चादरीवरून थोडा सरकवला. मावशींनी तो धरला नाही, धरायची हिंमत झाली नाही. नुसता आपला हात शेजारी ठेवला.

तेवढ्यात डॉक्टर फेरीवर आले. नवीन होते, घाईत होते, हातातल्या नोंदींच्या पाटीकडे बघतच त्यांनी मोठ्यानं विचारलं, "काय आजी, कशा आहात आज?"

ऑपरेटरबाईंनी डॉक्टरांकडे बघितलंच नाही. सवयीनं त्यांची नजर मावशींकडे गेली, आणि उत्तराची वाट बघत तिथेच राहिली.

मावशी डॉक्टरांकडे वळल्या.

"बरी नाहीये ती, डॉक्टर," मावशी म्हणाल्या. "खूप महिन्यांपासून बरी नाहीये. जरा बसा, सगळं सांगते."

डॉक्टरांनी पाटी खाली ठेवली आणि स्टूल ओढलं.